आईला कुणी विचारलं का?

तायांनो, मावश्यांनो, आणि आतल्या खोलीत बसून ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या दादांनो, तुम्हा सगळ्यांना आम्हा बचत गटाच्या कार्यकर्त्यांचा नमस्कार.

मागच्या वेळी आम्ही दवाखान्याच्या खर्चावर बोललो होतो. सरकारी योजना कोणती, कार्ड कसं काढायचं, बिलाची नक्कल कशी मागायची. कार्यक्रम संपला आणि केंद्रावर एका मावशींचा फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही पैशाचं सगळं सांगितलंत. पण माझी सासू सोळा दिवस मशीनवर होती. तिला कुणी विचारलं का, की बाई तुला काय पाहिजे? आणि बाहेरच्या देशात तरी विचारतात का?"

आम्ही गप्पच झालो. कारण ही गोष्ट आमच्याही घरातली आहे. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई, वय बहात्तर, कॅन्सर पसरलेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता घरी न्या, दुखणं कमी करू. पण लोक काय म्हणतील? शेवटी शहरातल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात नेलं. तोंडात नळी, हाताला पट्ट्या बांधलेल्या. अकराव्या दिवशी त्या गेल्या. ताईंनी गटातून चाळीस हजार उचलले होते, सोनं गहाण पडलं ते वेगळं. तो कर्जाचा अर्ज मंजूर करताना आम्ही दहाजणी बसलो होतो. दहापैकी एकीनंही विचारलं नाही की आजींचं म्हणणं काय आहे. परतफेड कशी करणार, जामीन कोण राहणार, एवढंच विचारलं. हे आम्हाला आजही लागून राहिलंय.

म्हणून मावशींच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो. वाचलं, एका ओळखीच्या नर्सताईंकडून समजून घेतलं. उत्तर असं मिळालं की बाहेर विचारतात, पण सगळ्यांना नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातसुद्धा कुणाला विचारायचं आणि कुणाला नाही, हे तुमची भाषा कोणती, कागद कोणते, विमा आहे की नाही, यावर ठरत आलंय. आणि ते बदलायला जी माणसं झटली, त्यांत आपल्या आशाताईंसारख्या बायका पुढे आहेत. आज त्यांची गोष्ट.

अमेरिकेत लॅटिनो नावाचा मोठा समाज आहे. मेक्सिको, ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, प्वेर्तो रिको, क्युबा अशा ठिकाणांहून आलेले, किंवा ज्यांचे आईबाप, आजेपणजे तिथून आलेले लोक. घरात बऱ्याच जणांची भाषा स्पॅनिश. २०२० च्या जनगणनेत हे लोक ६ कोटी २० लाखांच्या घरात होते, म्हणजे तिथल्या दर पाच माणसांत जवळजवळ एक. काही डॉक्टर, वकील, पुढारी आहेत. पण स्ट्रॉबेरी आणि टोमॅटो तोडणारे, इमारतीवर पाट्या टाकणारे, मांसाच्या कारखान्यात उभ्याने राबणारे, दुसऱ्यांची मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणारे हात बघितले, तर त्यात लॅटिनो फार. आपल्याकडे बीडकडून कोयता घेऊन निघालेली टोळी आठवा, म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. अंगमेहनत सगळ्यांत जास्त आणि आरोग्य विमा नसलेले लोकही याच समाजात सगळ्यांत जास्त. करोनात याचा हिशोब झाला. २०१९ ते २०२१ या दोन वर्षांत तिथल्या लॅटिनो लोकांचं सरासरी आयुर्मान सुमारे ४ वर्षांनी खाली आलं.

कायदा तिथे आधीपासून आहे. १९९० मध्ये त्यांच्या संसदेने कायदा केला आणि १९९१ च्या डिसेंबरपासून तो लागू झाला. दवाखान्यात भरती होणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला सांगायचं, की पुढे तुम्हाला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि तुमच्या वतीने कोण बोलेल, हे तुम्ही आधी लिहून ठेवू शकता. चांगलाच कायदा. पण तो कागद इंग्रजीत, वकिली भाषेत. शेतात राबून आलेल्या आजीच्या हातात तो दिला तर ती काय करणार? शेजारी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या नातवाला विचारणार, "बाळा, काय लिहिलंय?" आणि पोरगं आजीला सांगणार, की डॉक्टर विचारतायत तुझा श्वास थांबला तर छाती दाबायची का! असं खरंच होत असे. अमेरिकेत २०१६ च्या एका नियमाने लहान मुलांना दुभाषी म्हणून उभं करायला जवळजवळ बंदीच घातली. अगदी जिवावरचा प्रसंग असेल आणि दुसरं कुणीच नसेल, तेवढाच अपवाद.

भाषा हा एक भाग झाला. दुसरा भाग विश्वासाचा, आणि तो बायकांना चटकन कळेल. साधारण १९७० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात मेक्सिकन वंशाच्या बायका बाळंतपणाला जात. कळा चालू असताना, सिझेरियनला नेताना त्यांच्यापुढे कागद धरला जाई, सही करा. कागद इंग्रजीत. काहींना नंतर कळलं की आपलं मूल बंद करण्याचं ऑपरेशन झालंय. दहाजणी कोर्टात गेल्या. १९७८ मध्ये त्या खटला हरल्या. हो, हरल्या. पण त्यांच्या लढ्यामुळे स्पॅनिशमध्ये संमतिपत्र आणि विचार करायला मुदत, हे नियम आले. आपल्याकडे ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याची चौकशी २०१९ मध्ये झाली, ती तुम्ही विसरला नसाल. आता सांगा, ज्या बाईच्या सहीचा असा उपयोग झाला, तिच्यासमोर पुढे म्हातारपणी कुणी कागद धरला आणि म्हणालं, "शेवटी मशीन नको असेल तर इथे सही करा," तर तिच्या मनात काय येईल? हेच, की गरीब म्हणून मला लवकर मारायला निघालेत.

तिचं काय चुकलं? आमच्या मते काहीच नाही. ज्याला जगायलाच पुरते उपचार मिळाले नाहीत, त्याच्याशी मरणाचं नियोजन बोलायला जाणारा माणूस संशयास्पद वाटणारच.

डेन्व्हर नावाच्या शहरातल्या एका डॉक्टरबाईंनी हे फार नीट ओळखलं. त्यांचं नाव लिलिया सर्वांतेस. किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणं. पण ज्यांच्याकडे अमेरिकेत राहण्याचे कागद नाहीत, त्यांना अनेक राज्यांत ते नियमाने मिळत नाही. जीव धोक्यात आला तरच मिळतं. म्हणजे पाय सुजू द्यायचे, फुप्फुसात पाणी भरू द्यायचं, श्वास लागू द्यायचा, मग इमर्जन्सीच्या दारात जायचं. तिथे तपासून अजून तेवढे बिघडलेले नाहीत असं वाटलं तर परत घरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दर आठवड्याला मरणाच्या दारापर्यंत जाऊन यायचं, आणि पोरं घरी वाट बघतायत.

सर्वांतेसबाईंच्या हातून उपचार घेणारी एक तरुण आई अशीच खंगून गेली. त्यानंतर त्यांनी या प्रश्नावरच काम करायचं ठरवलं. नुसतं हळहळून त्या थांबल्या नाहीत. रुग्णांचं म्हणणं त्यांनी लिहून घेतलं, आकडे जमवले. २०१८ मध्ये त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. इमर्जन्सीतच डायलिसिस मिळणाऱ्यांचा पाच वर्षांत मृत्यू होण्याचा धोका नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांच्या १४ पट होता. शिवाय इमर्जन्सीचा मार्ग महागच पडतो. हे सगळं घेऊन त्या सरकारी अधिकाऱ्यांपुढे बसल्या. २०१९ मध्ये कोलोरॅडो राज्याने कायदा न बदलताच, फक्त व्याख्या बदलून मार्ग काढला. किडनी पूर्ण निकामी होणं हीच आणीबाणी धरायची. झालं. तेव्हापासून त्या राज्यात अशा रुग्णांना नियमित डायलिसिस मिळू लागलं. एका शब्दाच्या अर्थावर किती जीव अडकलेले असतात बघा.

शब्दावरून आठवलं. इंग्रजीत हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या काळात दुखणं कमी करणारी, घरी येऊन मदत करणारी सेवा. तिथला सरकारी विमा असला तर तिचा खर्चही मिळतो. पण स्पॅनिशमध्ये 'ओस्पिसिओ' म्हटलं की अनेकांना अनाथालय, नाहीतर टाकून दिलेल्यांचं घर आठवतं. डॉक्टर म्हणतात, "आईला हॉस्पिस देऊया," आणि मुलीला ऐकू येतं, "आईला टाकून दे." ती रडत उठून जाते. आपल्याकडे "घरी न्या" म्हटलं की "आता हात टेकले" एवढंच ऐकू येतं, तसंच ते.

आता प्रोमोतोरांकडे येऊ. ही आमची सगळ्यांत आवडती माणसं. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी बाई. थोडं प्रशिक्षण घेते आणि घरोघर जाऊन आरोग्याचं सांगते. ही पद्धत लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यांतून आली. टेक्सास राज्याने तर १९९९ मध्ये कायदा करून त्यांना प्रमाणपत्र द्यायची सोय केली. डायबेटिस, बाळंतपण, लसीकरण ही त्यांची जुनी कामं. मग काही ठिकाणी त्या शेवटच्या आजाराबद्दलही बोलू लागल्या.

त्या बोलतात कशा, ते आम्हाला शिकण्यासारखं वाटलं. फॉर्म पिशवीतच ठेवायचा. आधी स्वयंपाकघरात बसायचं. तुमच्या गावाकडे आजी आजोबा कसे गेले, शेवटी जवळ कोण होतं, असं विचारायचं. लोक म्हणतात, 'सी दिओस किएरे', देवाची इच्छा असेल तर. प्रोमोतोरा त्याला खोडून काढत नाही. म्हणते, देवाची इच्छा आहेच, पण डॉक्टरांनी तुमच्या मुलीला विचारलं तर तिने काय सांगायचं ते तुम्ही तिला सांगून ठेवा, नाहीतर तिच्या डोक्यावर आयुष्यभराचं ओझं राहील. आणि एकट्या म्हातारीशी बोलून काम होत नाही, सगळं घर बसवावं लागतं. गोऱ्या अमेरिकनांचा कायदा म्हणतो, तुमचा निर्णय तुमचा एकट्याचा. लॅटिनो आजी म्हणते, माझा निर्णय म्हणजे माझ्या मुलांनी मिळून घेतलेला. तर मग तसंच लिहा! तीही इच्छाच आहे. फक्त कोणत्या मुलाचा शब्द शेवटचा, ते ठरवून घ्या.

याने फरक पडतो का? कोलोरॅडोतच एक चाचणी झाली, नाव 'आपोयो कोन कारिन्यो', म्हणजे मायेचा आधार. स्टेसी फिशर नावाच्या डॉक्टरांनी ती केली. कॅन्सर पुढे गेलेले २२३ लॅटिनो रुग्ण. निम्म्यांना माहितीची पुस्तिका आणि नेहमीचे उपचार. निम्म्यांना त्याबरोबर त्यांच्याच भाषेतली, त्यांच्याच समाजातली एक सोबतीण, जी पाचेक वेळा घरी येऊन बोलायची. सोबतीण मिळालेल्यांत शंभरातल्या ६५ जणांची इच्छा लेखी नोंदली गेली. दुसऱ्या गटात ३६ जणांची. मात्र दुखण्यात फार फरक पडला नाही, हॉस्पिस घेणाऱ्यांचं प्रमाणही जवळपास तेवढंच राहिलं. हेही सांगायला हवं. बोलणारी बाई घरी आल्याने औषधाची बाटली येत नाही, ती सरकारलाच आणावी लागते.

कागद सोपा करण्याचं कामही झालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टर रेबेका सुडोर यांनी पाचवी शिकलेल्या माणसाला कळेल असा, चित्रांचा फॉर्म केला, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. दुसरा एक कागद आहे 'पाच इच्छा' नावाचा. तो करणारे जिम टोवी हे मदर तेरेसांचे वकील होते, म्हणजे त्याचं एक मूळ आपल्या कोलकात्यापर्यंत पोचतं म्हणायला हरकत नाही. माझ्या वतीने कोण बोलेल, कोणते उपचार हवे नको, मला आराम कसा द्यायचा, लोकांनी माझ्याशी कसं वागायचं, आणि माझ्या माणसांना मला काय सांगायचंय. शेवटच्या तीन गोष्टी डॉक्टरांच्या नाहीतच, घरातल्या आहेत. केस विंचरा, देवाचं म्हणा, हात धरून बसा, हे त्यात लिहिता येतं.

आणि मरणाबद्दल बोलायला हे लोक घाबरतात असंही समजू नका. मेक्सिकन घरांत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण असतो. गेलेल्यांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात, आणि सगळीकडे झेंडूची फुलं. तोच आपला दसऱ्याचा झेंडू. तो मुळातला मेक्सिकोकडचाच, समुद्रावरून आपल्याकडे आला. आपण सर्वपित्रीला पान वाढतो, गेलेल्याला काय आवडायचं ते बरोबर आठवून अळूची भाजी करतो. जिवंतपणी मात्र त्याला काय हवंय ते विचारायला जीभ रेटत नाही. त्यांचंही असंच, आपलंही असंच.

आता मावशी, आपल्या देशाचं. आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या केईएममधल्या एका नर्सच्या नावाने कोर्टात गेला. अरुणा शानबाग. १९७३ मध्ये तिच्यावर हल्ला झाला, आणि २०१५ पर्यंत ती त्याच दवाखान्यात शुद्धीशिवाय पडून होती. तिच्या सहकारी नर्सनी तिला ४२ वर्षं सांभाळलं, अंगावर एक जखम होऊ दिली नाही. तिच्याबद्दलचा निकाल २०११ चा. पुढे ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि माणूस आपली वैद्यकीय इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. वर्तमानपत्रं त्याला लिव्हिंग विल म्हणतात. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटपर्यंत जावं लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली.

आता असं आहे. वय १८ पूर्ण, डोकं ठिकाणावर आणि कुणाची जबरदस्ती नाही, एवढं हवं. आपली इच्छा लिहायची, आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा जास्त माणसांची नावं घालायची. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. एक प्रत त्या नाव घातलेल्या माणसाला, एक घरच्या डॉक्टरांना, आणि एक स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी पाठपुरावा केला, उच्च न्यायालयात गेले, आणि आपल्या राज्याने ते नेमले. तुमच्याकडे तो कोण आहे, ते पंचायत समितीत विचारा. "माहीत नाही" म्हणाले तर अर्ज देऊन लेखी विचारा, आम्हीही विचारतोय. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी, सोनक साहेबांनी, स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं. न्यायाधीशाने केलं म्हणजे त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं निदान सासऱ्यांना सांगता येईल.

दोनतीन गैरसमज आधीच काढून टाकूया. हे जमिनीचं मृत्युपत्र नाही. यात घर, शेत, सोनं काही येत नाही, त्यामुळे दिरा-भावांनी घाबरू नये. हे विषाचं इंजेक्शनही नाही, ते आपल्या देशात गुन्हाच आहे. आणि लिहिलं म्हणून लगेच उपचार बंद असंही नाही. माणूस स्वतः बोलू शकत असेल तर त्याचं तोंडी म्हणणंच चालतं. बरं होण्याची आशा नाही, माणूस स्वतः सांगू शकत नाही, अशा वेळीच हा कागद उघडतो, आणि तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं तपासून ठरवतात. मन बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतो. वेदनेचं औषध, स्वच्छता, माया यांतलं काहीच यात बंद होत नाही.

मात्र प्रोमोतोरांकडून शिकलेली गोष्ट आम्ही सोडणार नाही. ज्या बाईच्या ब्लडप्रेशरची गोळी महिनाभर उपकेंद्रात आलेली नाही, तिच्याकडे हा कागद घेऊन आम्ही आधी जाणार नाही. आधी गोळी.

मागच्या शनिवारी हप्ते गोळा झाल्यावर आम्ही गटात हा विषय काढला. पहिली दहा मिनिटं कुणी बोललं नाही. "अशुभ कशाला बोलायचं," एक म्हणाली. मग आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या आजी, ऐंशीच्या, म्हणाल्या, "मला ठाण्याच्या पोराकडे नेऊ नका. लिफ्टमधून मढं उभं न्यायची पाळी येईल. मला माझ्या पडवीत ठेवा, आणि दुखलं तर औषध द्या, उगाच सोसायला लावू नका. आणि माझी मिश्रीची डबी काढून घेऊ नका." सगळ्या हसल्या, दोघी रडल्या. सुनेला आजींनी तिथेच विचारलं, "ऐकलंस ना?" सून म्हणाली, "ऐकलं." आम्ही ते गटाच्या वहीत आजींच्या शब्दांत लिहिलं. त्याला कायद्याची किंमत नाही, हे आम्हाला माहीत आहे. नोटरीचा खर्च किती ते काढून पुढच्या बैठकीत ठेवू.

चाळीस हजारवाल्या ताई त्या दिवशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. त्यांचा सातवा हप्ता त्यांनी आधीच भरला होता. निघताना त्यांनी वही मागून घेतली, आजींचं लिहिलेलं पान दोनदा वाचलं, आणि विचारलं, "माझ्या आईचं लिहायचं झालं तर ती माहेरी आहे, फोनवर विचारून चालेल का?" आम्ही म्हटलं, विचारायला चालेल, पण सहीला तिकडेच जावं लागेल. दिवाळीत जाते म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी याच वेळेला आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सताई येतील. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, ते त्या सांगतील. प्रश्न असतील तर बुधवारपर्यंत केंद्रावर कळवा. नमस्कार.